एकेक पाऊल चालून पाहिलेली वाट

मोजणीच्या ऑफिसात मी बत्तीस वर्षं नोकरी केली आणि त्या बत्तीस वर्षांत एकही शेत मोजलं नाही. मोजायला कमलाकर जायचा. साखळी, झेंडे आणि दोन माणसं घेऊन तो सकाळी निघायचा, संध्याकाळी वही भरून आणायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून मी त्या वहीवरून नकाशा काढायला बसायचे. माझं काम शाईचं. रेघ एकदा ओढली की खोडायची सोय नाही, म्हणून हात स्थिर लागतो. माझा होता. बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेला प्रत्येक साहेब माझा नकाशा पाहून विचारायचा, हा काढला कोणी? मला त्याचा गर्व होता, आणि तो मी लपवलाही नाही कधी.

निवृत्त झाल्यावर आम्ही यवतमाळच्या कडेला एका ले-आउटमध्ये घर बांधलं. घरामागून नाला वाहतो. डास, प्लास्टिक, आणि पावसाळ्यात गल्लीत पाणी. याचं नाव काय म्हणून शेजाऱ्यांना विचारलं, तर ते हसले. नाल्याला कुठे नाव असतं का, म्हणाले. माझं डोकं सणकलं. इतकी वर्षं मी निळ्या शाईनं पाणी काढत आले होते, आणि ज्याला लोक नाला म्हणतात त्यालाही नाव असतं हे मला पक्कं ठाऊक होतं. तालुक्याचा जुना नकाशा माझ्याकडे होता, तो काढून पाहिला. आमचा नाला तीन ले-आउटांमागून जाऊन दुसऱ्या नाल्याला मिळत होता, ते दोघं पुढे वाघाडीला, आणि वाघाडी घाटंजीच्या अंगानं खाली. म्हणजे आमच्या मोरीचं पाणीसुद्धा कुठंतरी जाऊन नदी होत होतं. ते मला पायी जाऊन बघायचं होतं, घरापासून घाटंजीपर्यंत, पाण्याचा काठ न सोडता.

माझी सून मिताली हिचा रविवारी चालणाऱ्यांचा एक गट आहे. वीसेक माणसं, निम्मी माझ्यासारखी निवृत्त. तिनं गटात विषय काढला आणि लोक नाचायलाच लागले. जानेवारीत चार दिवस, आठ टप्पे, असं ठरलं. कमलाकर माझ्याच वर्षी निवृत्त झाला होता, दोन गल्ल्या सोडून राहतो, संध्याकाळचा चहा आमच्याकडेच. तोही लगेच तयार झाला.

नियम मी केला. जो टप्पा कोणी पायाखाली घातला नाही तो कागदावर पेन्सिलीत राहील. चालून झाला की शाई. वाट सांगणाऱ्यानं आधी स्वतः चालावं, एवढं साधं. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा माझा आणि मितालीचा. मधले चार कमलाकरचे. नियम ऐकून तो म्हणाला, ताई, रिटायर झालो तरी ऑफिस सुटत नाही तुमचं. मी त्याला म्हटलं, ऑफिसात तुम्ही चाललात आणि मी बसले, आता मलाही चालू द्या.

आणि चालले. दुरून डोंगर साजरे म्हणतात, नाल्याचं तर दुरूनही काही साजरं नव्हतं. ले-आउटवाल्यांनी घरांची तोंडं रस्त्याकडे आणि पाठी पाण्याकडे केलेल्या, त्यामुळे आम्हाला सगळ्या शहराची पाठच दिसली: न्हाणीघरांचे पाइप, फुटक्या टाइल्सचे ढीग, साखळीला हिसडे देणारी कुत्री. एके ठिकाणी मी घोट्यापर्यंत गाळात गेले आणि चप्पल तिथंच राहिली. विटभट्टीवाल्यानं तासभर उभं करून चौकशी केली. शहर संपल्यावर कपाशीच्या वावरातल्या एका बाईनं आम्हाला मोजणीवाल्या समजून काठीच उचलली. नुसता पहिला टप्पा शाईत यायलाच तीन रविवार गेले होते. गुडघे दुखायचे, पण रात्री झोप छान लागायची, आणि बासष्टाव्या वर्षी मला कळलं की रेघ म्हणजे काय ते.

कमलाकर आपले टप्पे आठवड्यातल्या दिवशी करायचा, एकट्यानं. एकट्यानं चालण्यात मजा वेगळी, म्हणायचा. आणि काय सुंदर टिपून आणायचा. ‘उजव्या अंगानं भिंत आणि पाणी यांच्यामधून चांगली दीड मीटरची पट्टी.’ ‘मोठी जांभूळ, खाली बसायला दगड, इथं थांबावं.’ सहाव्या टप्प्यात तर नदी चालत ओलांडायची जागाच, ‘पायउतार. पाणी घोट्याएवढं, खाली खडक, बायामाणसंही आरामात उतरतील.’ मला त्याचा हेवा वाटायचा. आमच्या कागदांवर चिखलाचे डाग, त्याच्या कागदाला साधी सुरकुतीही नाही. तिथंच ओळखायला हवं होतं. पण ज्याच्यावर आपण विश्वास टाकतो त्याच्या कागदाला चिखल का नाही लागला, असं कोणी विचारतं का?

त्याचे चारही टप्पे मी शाईत काढले. सहाव्या टप्प्याच्या शेवटी एक तांडा येतो. तिथल्या लालीबाईंशी बोलून वीस माणसांचं तिसऱ्या दिवशीचं जेवणही त्यानं ठरवून आणलं होतं. मितालीनं वाटेचं पत्रक छापलं, त्यात एक वाक्य मी हट्टानं घालायला लावलं: ‘या वाटेचं एकेक पाऊल आम्ही स्वतः चालून पाहिलं आहे.’ खाली दोन नावं, रजनी आणि कमलाकर. लोक येणार होते ते त्या वाक्याच्या भरवशावर. साठी ओलांडलेली माणसं होती, अनोळखी पाण्याकाठानं उगाच कोण येतं?

निघायच्या आदल्या दिवशी कमलाकरचा गुडघा सुजला. तो गाडीनं सामान घेऊन मुक्कामावर येईल असं ठरलं. मला त्याची दया आली हे आठवलं की आता अंगाची लाही होते.

पहिला टप्पा झकास झाला. दुसऱ्यात, त्याच्या दीड मीटरच्या पट्टीच्या जागी, एका ले-आउटची भिंत थेट पाण्यात उतरलेली. वीस माणसं एकामागे एक परत फिरली आणि तीन गल्ल्यांतून वळसा घालून पुढं आली. मी म्हटलं, गेल्या महिन्यात बांधली असेल, आजकाल काय, रात्रीतून भिंती उभ्या होतात. मितालीनं भिंतीकडे पाहिलं. भेगेतून माझ्या कमरेएवढा पिंपळ वर आला होता. चौथ्या टप्प्यात जांभूळ नव्हती. तोडली असेल, मी म्हटलं. मी त्याची वकिली अशी दोन दिवस केली, फुकटात.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही पायउतारापाशी आलो. शहराची घाण मागं राहिली होती, नदी आता नदीसारखी दिसत होती. पाणी संथ, हिरवट, तळ दिसत नव्हता. दोघीतिघी काठावर थबकल्या. आणि मी, कागद हातात धरून, मोठ्यानं सांगितलं की घाबरू नका, घोट्याएवढंच आहे, खाली खडक आहे.

धर्मपाल गुरुजी पुढं झाले. सदुसष्ट वर्षांचे, गटातले सगळ्यात उत्साही. त्यांनी बूट काढून गळ्यात अडकवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठी टेकत उतरले. तिसऱ्या पावलाला पाणी छातीला लागलं, चौथ्याला गुरुजी दिसेनासे झाले. दोघांनी उडी घेतली, मितालीनं ओढणी फेकली, आणि कसंबसं त्यांना बाहेर ओढलं. चष्मा गेला, कानातलं यंत्र गेलं. ते काठावर बसून कुडकुडत होते आणि त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून सगळे त्यांच्याशी खुणांनी बोलत होते. मी जवळ गेले, तेव्हा माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “मॅडम, तुमी त लिवलं होतं का एकेक पाऊल चालून पाह्यलं.”

मी कागद मिटला आणि काठाकाठानं पुढं गेले.

वळणापलीकडे बंधारा होता, त्यानंच पाणी तुंबून खोल झालं होतं. त्याच्या भिंतीवर बांधल्याचं साल रंगवलेलं होतं, आठ वर्षांपूर्वीचं. म्हणजे ती भिंत, ती जांभूळ, हा बंधारा, कशाचाही दोष नव्हता. मी पिशवीतून तालुक्याचा जुना नकाशा काढला आणि तिथंच धुळीत पसरला. पायउतार होता त्यावर. जांभूळ होती, शिवेची खूण म्हणून दाखवलेली. तिच्याखालचे दगड म्हणजे शिवेचे दगड. दुसऱ्या टप्प्यातली मोकळी पट्टी होती, कारण तेव्हा ले-आउटच नव्हता. कमलाकरनं जे जे लिहून आणलं ते सगळं त्या कागदावर होतं, आणि तो कागद तीस वर्षांपूर्वी मीच काढला होता. माझ्याकडचाच नकाशा त्यानं चहा पिता पिता पाहून ठेवला असणार. त्यावर थोडं मीठमसाला लावून मलाच परत वाचून दाखवला, आणि मी त्याला शाई लावली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. रडू यायला हवं होतं, आला राग.

बंधाऱ्यावरून एकेकाला धरून पार केलं आणि अडीचच्या सुमारास तांड्यावर पोचलो. कमलाकर कडुनिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. उशीर केला, म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. लोकांसमोर तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं, माझं मलाच सांगता येत नव्हतं. गुरुजींना लालीबाईंच्या घरधन्यानं, फुलचंदनं, आपली घोंगडी दिली आणि चुलीजवळ बसवलं. ज्वारीच्या भाकरी, ओल्या तुरीचे सोले घातलेली वांग्याची भाजी, ठेचा. पुढचा टप्पा करायचा का, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. मितालीनं मोबाइलवर परतीच्या दोन गाड्या बोलावल्या, तेव्हा मला कळलं की वाट संपली.

मी लालीबाईंजवळ चुलीपाशी जाऊन बसले. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, “त्या पाण्यातून कायले आणले हो एवढे लोकं? बंधारा झाला तवापासून तिकडून कोणीच येत नाही.”

मी सांगितलं की कमलाकरभाऊंनी तिकडून चालून पाहिलं होतं.

“थे?” लालीबाई हसल्या. “थे त मोटरसायकलनं आलते, सडकेनं. चहा पेले, जेवणाचं सांगतलं. म्या म्हटलं, एवढे आले त नदी पाहून घ्या. त म्हणे, नदी तोंडपाठ आहे मले.” मग भाकरी उलटून सहज म्हणाल्या, “थे आदीपासून असेच आहेत.”

आदीपासून म्हणजे कधीपासून, मी विचारलं. तेव्हा कळलं की कमलाकर या तांड्यावर पहिल्यांदा जेवण ठरवायला आलेला नव्हता. सव्वीस वर्षांपूर्वी फुलचंद आणि शेजारचा वावरवाला यांच्यात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद झाला होता आणि मोजणीला कमलाकर आला होता. शेजाऱ्याच्या मोहाच्या झाडाखाली खाट टाकलेली होती. तो तिथं बसला, चहा प्याला, शेजाऱ्याला चार गोष्टी विचारल्या, वहीत लिहिलं आणि उन्हं उतरायच्या आत गेला. साखळी पिशवीतून निघालीच नाही. महिन्याभरानं नकाशा आला आणि नदीकाठची पट्टी, जिथं उन्हाळ्यात यांची गुरं पाण्याला उतरायची, ती शेजाऱ्याकडे गेली.

भांडला का नाहीत, मी फुलचंदला विचारलं. वर अर्ज करता आला असता, दुसरी मोजणी मागता आली असती. त्यानं पेटीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद आणला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

“लय साफ होता नकाशा, बाई,” तो म्हणाला. “पाहा ना, एक रेघ वाकडी नाही. म्या म्हटलं, एवढ्या मेहनतीनं कोणी खोटं कायले काढन? आपलीच नजर चुकली असन.”

मी पाहिला. रेघ खरंच वाकडी नव्हती. नदीची निळी शाई सव्वीस वर्षांत जरासुद्धा उडाली नव्हती. कोपऱ्यात काढणाऱ्याची सही होती, ती वाचायची मला गरज नव्हती.

मी कमलाकरला हाक मारली. तो लंगडत आला नाही, नीट चालत आला. मी कागद पुढं केला आणि विचारलं, “कमलाकरभाऊ, हे वावर तुम्ही मोजलं होतं का?”

त्यानं चष्मा लावला, पाहिलं, काढला. “मोजलं म्हंजे, अंदाज होता ना मले. एका दिवसात तीन तीन गावं राहत. सगळेच तसं करत तवा.”

“आणि बाकीची?”

“कोणती बाकीची?”

“मी बत्तीस वर्षं काढली ती.”

मला वाटलं, आता तरी खाली बघेल. पण तो चिडला. “बत्तीस वर्षांत तुमी एकदा तरी विचारलं का, ताई? एक दिवस तरी म्हटलं का, चला, मी बी येते वावरात? पंख्याखाली बसून तुमाले बी बरंच वाटत होतं. अन् आता कायले तमाशा करून राह्यल्या, एका पायउतारासाठी?”

एवढं बोलून तो गाडीकडे गेला आणि लोकांना सामान भरायला सांगू लागला, जणू सहल संपली आणि आता घरी जायचं. मी त्याच्या पाठीकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांची ओळख. त्याच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवरची वेलबुट्टी मी काढली होती, माझे मिस्टर दवाखान्यात होते तेव्हा रोजचा डबा त्याच्या घरून यायचा. ते सगळं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्यातलं खरं किती आणि अंदाजानं किती, हे आता मला कुठल्या नकाशावर सापडणार होतं? आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो शेवटचं जे बोलला त्यात एक अक्षरही चुकीचं नव्हतं.

राग आधी आला होता, लाज मागून आली, आणि ती रागाहून मोठी होती. मिताली गाडीतून हाक मारत होती. मी उठले नाही. लालीबाई ताटं गोळा करत होत्या. त्यांना थांबवलं आणि सांगितलं की हा नकाशा मी काढला आहे.

त्यांना आधी नीट कळलं नाही. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

“मंग तुमी आलत्या का तवा? मले त आठवत नाही.”

“नाही आले.”

“मंग काढला कायवरून?”

मी गाडीकडे बोट केलं. यांच्या वहीवरून, म्हणाले.

लालीबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या ताटं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या, आणि मग मला समजावून सांगावं तसं हळू म्हणाल्या, “आमी दोघं त दिवसभर धुऱ्यावरच उभे होतो, बाई. कोणी विचारलं असतं त सांगतलं असतं.”